मे महिन्यातली बाळंतिणीची खोली

‘आमच्याकडे कुठे नागपूरसारखा उन्हाळा, डॉक्टर!’ रत्नागिरीत हे वाक्य दर एप्रिलला ऐकू येतं. पारा ३४ च्या आसपास म्हणून आपण निर्धास्त. पण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश धरतं, किनाऱ्यावर मात्र ३७. तान्ह्या बाळाला तर घामही कमीच येतो आणि अंगावरचं दुपटं त्याला स्वतःहून काढता येत नाही.

आता आजींनो, रागावू नका. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, बाळाला कानटोपी, मोजे, वर शेगडीची धुरी. हे मे महिन्यात नको, आणि धुरी तर कधीच नको. खिडकी उघडा, पंखा लावा, फक्त झोत थेट तोंडावर येऊ देऊ नका. एक सुती झबलं पुरे. दुपारी पत्र्याच्या खोलीपेक्षा कौलारू माजघर बरं. झोळीवर साडी पांघरू नका, आत हवा कोंडते. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं गणित वेगळं असतं. त्याच्या कपड्यांबद्दल आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

सगळ्यात जास्त वाद होतो तो पाण्यावरून. सहा महिन्यांपर्यंत चमचाभरही पाणी नको. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात पाजण्याच्या वेळा वाढवा. शहाळं आणि कोकम सरबत आईने प्यावं. मध तर बाळ वर्षाचं होईपर्यंत नकोच.

घामोळ्यांवर पावडर थापू नका, ती श्वासातून आत जाते. साध्या पाण्याने आंघोळ घाला आणि मानेच्या, काखेच्या वळ्या कोरड्या करा. मुंबईहून बाळाला घेऊन येणाऱ्या चाकरमान्यांनी शक्यतो रात्रीचा किंवा पहाटेचा प्रवास करावा. वाटेत आंब्याच्या पेट्या घ्यायला उतरलात, तरी बंद गाडीत बाळाला मिनिटभरही ठेवू नका.

दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा शू, टाळू खोल गेलेली, बाळ दूध ओढत नाही, उठवूनही मलूल: अशा वेळी संध्याकाळची वाट पाहू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर तो उन्हाचा असो की कसलाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा. उन्हाने तापलेलं अंग तापाच्या औषधाने थंड होत नाही. कपडे काढा, साध्या पाण्याने अंग पुसा, बर्फ लावू नका, आणि बाळ सुस्त वाटलं तर लगेच १०८ ला फोन करा.