कृत्रिम खांदा बसवल्यावर पुन्हा पाटावर

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य करणाऱ्या मराठी घरांसाठी हे टिपण आहे. खांद्याचा सांधा बदलल्यावर ‘कामावर कधी?’ असं विचारलं की साधारण उत्तर मिळतं : टेबलावरचं काम दीड महिन्याच्या आसपास, ओझ्याचं चार ते सहा महिन्यांनी. याज्ञिकाचं काम या दोन्हींत बसत नाही. म्हणून एकेक हालचाल सुटी करून डॉक्टरांपुढे मांडा, नुसतं ‘पूजा सांगतो’ म्हणू नका.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या : सांधा साधा बसवलाय की ‘रिव्हर्स’? साध्यात गोळा दंडाकडे आणि वाटी खवाट्याकडे, म्हणजे निसर्गाने ठेवली तशीच. रिव्हर्समध्ये नेमकं उलट. 1985 मध्ये फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी ही रचना आणली. खांद्याभोवतीचे स्नायूबंध फाटलेले असले तरी डेल्टॉइड स्नायूच्या जोरावर हात वर जावा, हा तिचा हेतू. पण हात पाठीमागे वळवला की हा सांधा निखळण्याची भीती असते, विशेषतः पहिले तीन महिने. साध्या सांध्यातही पुढचा स्नायू कापून परत शिवलेला असतो. त्यामुळे पहिले सहा आठवडे हात पाठीमागे नेणं आणि बाहेरच्या बाजूला ताणणं दोन्ही वर्ज्य.

आता धोतराचा कासोटा आठवा. निऱ्या मागे नेऊन कमरेत खोचताना हात नेमका त्याच कोनात जातो. तेव्हा कासोटा घरच्या माणसाने खोचावा, किंवा तीन महिने धोतर लुंगीसारखं गुंडाळावं. पाटावरून उठताना हात जमिनीला टेकवून जोर देणं तितकंच वाईट. पाट नकोच. चौरंगावर किंवा तख्ताच्या कडेला पाय सोडून बसा आणि उठताना चांगल्या हाताचा आधार घ्या.

जानव्याचं काय? टाके बहुधा खांद्याच्या पुढच्या बाजूला, काखेच्या दिशेने उतरलेले असतात. डावा खांदा असेल तर जानवं थेट जखमेवर घासतं. जखम भरेपर्यंत ते माळेसारखं गळ्यात ठेवा. पुढे श्राद्धाची कामं सुरू झाली की दिवसात कितीदा तरी सव्य-अपसव्य करावं लागतं. तेव्हा दुखरा हात पोटाशी सैल सोडा आणि चांगल्या हाताने जानव्याचा फेरा त्याच्यावरून सरकवा. फेऱ्यातून दुखरा कोपर वर ओढून काढू नका. जानवं जरा लांब ठेवलं की हे सहज जमतं.

कामं याच क्रमाने परत घ्या. गुंगी आणणारी औषधं थांबली, वेदना सोसवेल इतकी झाली की झोळीत हात ठेवून पाठ म्हणायला हरकत नाही. मात्र माध्यंदिन शाखेचे असाल आणि उजवा खांदा असेल तर हस्तस्वर सोडून नुसतं मुखाने म्हणा. झोळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी सुटते. मग आचमन, अक्षता, फुलं अशी कोपर अंगाशी ठेवून होणारी कामं. होमातल्या आहुत्या त्यानंतर, कुंड जवळ घेऊन. सूर्याला ओंजळ उंचावून अर्घ्य देणं फिजिओथेरपिस्टने हात वर न्यायची परवानगी दिल्यावरच. तोवर छातीच्या उंचीवरून द्या. भरलेली घागर, आरतीचा पितळी बहुमजली दिवा सहा महिन्यांआधी नाही, आणि नंतरही किती वजन चालेल ते विचारूनच.

गंगास्नानाबाबत मी आग्रहाने सांगते : जखम पूर्ण बंद झाली असं डॉक्टर म्हणेपर्यंत नदीत उतरू नका, दोन थेंब अंगावर शिंपडा. घाटावरच्या पाण्यात मैला मिसळतो आणि कृत्रिम सांध्याला जंतू चिकटले तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. पुढेही शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकटे जाऊ नका. पडताना माणूस हात टेकवतोच.

जखम पाझरली, खांदा लाल-गरम झाला, ताप आला किंवा हात अचानक उचलेनासा झाला, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. संकल्प सोडलेलं अनुष्ठान शेजारच्या वाड्यातले गुरुजी पुरं करतील. त्यांना आधीच सांगून ठेवा.