पार्सलमधून आलेला मासा लगेच विकू नका : पहिल्या १४ दिवसांचं गणित

अ‍ॅक्वेरियमचं दुकान टाकायचं म्हटलं की बहुतेक जण आधी भाडं, टाक्या आणि बोर्डाचा हिशोब मांडतात. पण या धंद्यात नफा-तोटा ठरतो तो पार्सल उघडल्यानंतरच्या पहिल्या १४ दिवसांत. व्हिडिओमध्ये प्रात्यक्षिक दाखवलं आहेच. इथे त्यामागचं कारण आणि आकडे नीट लिहून देतो, म्हणजे वहीत उतरवून ठेवता येतील.

आधी पैशांचं बोलू

एक साधं उदाहरण घ्या. तुम्ही २०० मासे मागवले, खरेदी १० रुपये नग. म्हणजे २,००० रुपये. पॅकिंग आणि वाहतूक ६०० रुपये. एकूण २,६०० रुपये, म्हणजे दुकानात पोहोचलेला मासा १३ रुपयांना पडला. विक्री २५ रुपयांनी. सगळे विकले गेले तर ५,००० रुपये जमा आणि २,४०० रुपये हातात.

आता त्यातले ५० मेले समजा. १५० माशांचे ३,७५० रुपये आले, खर्च तोच २,६०० रुपये. हातात राहिले १,१५० रुपये. मरतूक २५ टक्के, पण नफा निम्म्याहून जास्त गेला! वीज, भाडं, खाद्य अजून धरलेलंच नाही. म्हणून मासे वाचवणं म्हणजे नुसती भूतदया नाही, तो तुमचा गल्ला आहे. आणि भूतदया म्हणूनही ते करायलाच हवं, कारण आपण जिवंत माल विकतोय.

बॅगेच्या आत काय होतं?

आपल्याकडे बराचसा माल चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याहून येतो. साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरून बॅग बांधतात, थर्माकोलच्या बॉक्समध्ये ठेवतात. एक-दीड दिवस मासा अंधारात, हलत्या पाण्यात, दाटीवाटीने राहतो. चांगला सप्लायर पाठवण्याआधी एक-दोन दिवस मासे उपाशी ठेवतो, म्हणजे बॅगेत घाण कमी होते.

तरी मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतच असतो, आणि श्वासातून कार्बन डायऑक्साइडही. हा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पीएच खाली येतो. गंमत अशी की पीएच कमी असताना बराचसा अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसं विषारी नसतं. म्हणजे बंद बॅगेत मासा एका परीने सुरक्षित असतो.

बॅग उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पीएच वर चढतो आणि तोच साठलेला अमोनिया विषारी व्हायला लागतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या घरात जातो. साधारण दहापट! तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर त्याचा पीएच बहुधा वरच्याच बाजूला असतो, म्हणून जास्त सावध राहा.

यावरून नियम काय निघतो? जवळच्या बाजारातून तासा-दोन तासांत आणलेल्या माशांच्या बॅगेत थोडं थोडं पाणी मिसळत बसलात तरी चालेल. पण लांबून आलेल्या बॅगेचं तोंड उघडून तास-तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. तुम्हाला वाटतं आपण माशाची काळजी घेतोय, आणि मासा तिकडे विषात बसलेला असतो.

बॉक्स आल्यावर : क्रमाने करा

१. बॉक्स येण्याआधी क्वारंटाईनची टाकी तयार हवी. पाण्यातलं क्लोरीन काढलेलं, हवेचा पंप चालू, आणि स्पंज फिल्टर जुना. हा स्पंज निरोगी टाकीत तीन-चार आठवडे आधीपासून चालवून ठेवा, कारण अमोनिया संपवणारे जिवाणू त्यात हळूहळू वाढतात. कोऱ्या स्पंजचा त्या दिवशी काही उपयोग नाही.

२. दुकानातले दिवे मंद करा, मग बॉक्स उघडा. अंधारातून आलेल्या माशावर एकदम लख्ख उजेड पाडला की तो बिथरतो.

३. बांधलेल्या बॅगांचा व्हिडिओ काढा. मेलेले मासे बंद बॅगेतच मोजा. नुकसानभरपाई मागायची तर बहुतेक सप्लायर हाच पुरावा मागतात, तोही त्याच दिवशी.

४. बॅग न उघडता १५ ते २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. तापमान सारखं होऊ द्या. थंडीत ही पायरी अजिबात गाळू नका.

५. आता बॅग उघडा आणि वेळ न घालवता मासे जाळीने टाकीत सोडा. बॅगेचं पाणी टाकीत ओतायचं नाही, सरळ मोरीत. त्यात अमोनियाही असतो आणि दुसऱ्याच्या टाकीतले रोगजंतूही.

६. त्या दिवशी खाद्य नाही, दिवा नाही, आणि काचेवर टकटक करणारी मुलंही नाहीत!

मीठ : स्वस्त आणि कामाचं

गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरातले क्षार सतत बाहेर जात असतात, आणि ते राखायला त्याला ताकद लागते. ताणात ही गळती वाढते. पाण्यात थोडं मीठ असलं की शरीरावरचा भार हलका होतो. लिटरला १ ते २ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १०० ते २०० ग्रॅम. वेगळं विरघळवून, दोन-तीन टप्प्यांत घाला. मॉली, गप्पी, गोल्डफिशला ते चांगलं मानवतं. कॉरीडोरास, लोच यांसारख्या नाजूक माशांना कमी द्या किंवा देऊच नका. टाकीत झाडं असतील तरही टाळा. आणि लक्षात ठेवा, पाणी वाफ होऊन उडतं, मीठ उडत नाही. पाणी बदलाल तेव्हा जेवढं नवं पाणी घातलं, तेवढ्यापुरतंच मीठ घाला.

पुढचे १४ दिवस

पहिले तीन दिवस : २४ तासांनंतर अगदी थोडं खाद्य, दोन मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं लगेच काढा. रोज अमोनिया तपासा. दिसला तर २० ते २५ टक्के पाणी बदला. मासे तोंड वर काढून श्वास घेत असतील तर आधी हवा वाढवा आणि पाणी तपासा, औषधाची बाटली नंतर.

चौथ्या दिवसापासून : ताणामुळे माशाची प्रतिकारशक्ती खाली आलेली असते, म्हणून रोग बहुतेक वेळा पार्सल आलं त्या दिवशी नाही, काही दिवसांनी वर येतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, दगडाला अंग घासणं, पर मिटून एका कोपऱ्यात बसणं, ही लक्षणं रोज सकाळी बघा. पांढऱ्या ठिपक्यांवरचं औषध परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतानाच लागू पडतं, माशाच्या कातडीखाली असताना नाही. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवायचं नाही, पाकिटावर लिहिलेला कोर्स पूर्ण करायचा. आणि रोग ओळखल्याशिवाय ‘सेफ्टी म्हणून’ औषध ओतू नका. थकलेल्या माशाला तेही ओझंच.

या टाकीची जाळी, पाइप, बादली वेगळी ठेवा. एक ओली जाळी पूर्ण दुकान आजारी पाडू शकते.

रजिस्टर ठेवा, सप्लायर ओळखा

BBA शिकताना मालसाठ्याच्या नोंदी म्हणजे कंटाळवाणा विषय वाटायचा. माशांच्या दुकानात तोच सगळ्यात कामाला आला. प्रत्येक बॉक्सला एक ओळ : तारीख, सप्लायर, जात, नग, बॅगेत मेलेले, पहिल्या तीन दिवसांत मेलेले, चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेलेले.

हे तीन रकाने वेगळी गोष्ट सांगतात. बॅगेतच जास्त मेले, तर आधी पॅकिंग किंवा वाहतुकीकडे बघा. पहिल्या तीन दिवसांत गेले, तर आपलं पाणी आणि आपली सोडण्याची पद्धत तपासा. त्यानंतर गेले, तर रोग शोधा. चार-पाच बॉक्सच्या नोंदी झाल्या की सप्लायरशी बोलताना “साहेब, माल बरोबर येत नाही” असं मोघम बोलावं लागत नाही. आकडा समोर ठेवता येतो, आणि आकड्यापुढे भाव कमी होतो किंवा पॅकिंग सुधारतं.

रविवारचा मोह

बॉक्स शुक्रवारी आला, रविवारी गर्दी आहे, मासे पोहतायत, विकून टाकू का? नाही. तो मासा दोन दिवसांपूर्वीच एक प्रवास करून आलाय. तुम्ही त्याला पुन्हा बॅगेत घालणार, गिऱ्हाईक त्याला नव्या कोऱ्या टाकीत सोडणार. सोमवारी तो मेला तर तुमच्या रजिस्टरमध्ये दिसणार नाही, कारण तो ‘विकला’ गेलाय. पण घरी एक लहान मूल रडत असेल, आणि ते कुटुंब पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. हा तोटा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून विक्रीच्या दिवसाच्या दोन आठवडे आधी ऑर्डर द्या. गणपती-दिवाळीच्या खरेदीचाही असाच उलटा हिशोब मांडा. क्वारंटाईन टाकीवर ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी आणि आल्याची तारीख लावा. गिऱ्हाईकाने विचारलं तर कारण सरळ सांगा. विश्वास तिथेच बसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या जवळच्या दुकानातले भाव घेऊन वरचं गणित स्वतः मांडा : मरतूक ५ टक्के, १५ टक्के आणि २५ टक्के. मग एका क्वारंटाईन टाकीचा पूर्ण खर्च काढा, आणि तो किती बॉक्समध्ये वसूल होतो ते बघा. उत्तर हातात आलं की दुकानाच्या नकाशात ती टाकी सगळ्यात आधी काढा. शोकेसची जागा त्यानंतर ठरवू.