एकाचा निर्णय की सर्वांचा? : विनयातील संघकर्म आणि आपले कार्यालय

कोणत्याही कार्यालयाचे अथवा संस्थेचे इतिवृत्त उघडून पाहावे. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द पानोपानी आढळतात. बँकेच्या नोकरीत आम्ही अशा अनेक इतिवृत्तांवर सह्या केल्या. त्यांपैकी एक सही अजून मनाला टोचते.

एका शाखेत शाखाधिकाऱ्यांनी पेन्शनचे काउंटर पहिल्या मजल्यावर हलविण्याचे ठरविले. खाली फार गर्दी होते, हे त्यांचे कारण खोटे नव्हते. कर्मचाऱ्यांची सभा बोलावली गेली तेव्हा टेबले वर चढवून झाली होती. साहेबांनी निर्णय सांगितला, कोणी काही बोलले नाही आणि वहीत 'सर्वानुमते' असे लिहिले गेले. महिन्याच्या पहिल्या तारखेला वृद्ध माणसे कठडा धरून जिना चढू लागली. ज्यांना चढता येईना त्यांच्या पैसे काढण्याच्या स्लिपा घेऊन आमचा शिपाई दिवसभर वर-खाली करीत राहिला. असे होणार हे त्याला आधीच ठाऊक होते. दारात उभा राहून तोच या लोकांना रोज हात देत असे. त्याला कोणी विचारले नव्हते. आम्हालाही विचारले नव्हते, हे खरे. परंतु आम्ही तरी कुठे बोललो?

कामाच्या ठिकाणी एका माणसाने ठरवावे की सर्वांनी मिळून, हा वाद व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून नवा म्हणून मांडला जातो. आपल्याला तो नवा वाटण्याचे कारण नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भिक्खू संघाच्या कार्यपद्धतीचा आवर्जून उल्लेख केला. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतगणना, गुप्त मतदान हे संसदीय नियम संघाला माहीत होते आणि तथागतांनी ते त्या काळच्या राजकीय सभांवरून घेतले असावेत, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात त्यांनी असाही इशारा दिला की राजकारणातील भक्ती, म्हणजे विभूतिपूजा, अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. या दोन गोष्टी एकाच भाषणातील आहेत हे आपण विसरतो. पहिली आपण जयंतीच्या व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. दुसरी सांगताना मात्र व्यासपीठावर कोण बसले आहे ते आधी पाहतो.

आता संघाची पद्धत प्रत्यक्षात कशी होती ते पाहू. विद्यार्थ्यांनी विनयपिटकातील महावग्ग आणि चुल्लवग्ग हे भाग या दृष्टीने अवश्य वाचावेत. संघाने करावयाच्या कार्याला संघकर्म म्हणत. एखादा जाणता व समर्थ भिक्खू प्रथम प्रस्ताव मांडी. त्याला ज्ञप्ती म्हणत. त्यानंतर तोच विषय पुन्हा जाहीर केला जाई. साध्या कार्यासाठी एकदा, आणि उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कार्यासाठी तीनदा. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे आणि ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगितले जाई. गणपूर्तीही कार्यानुसार ठरलेली असे. कमीत कमी चार भिक्खू लागत. उपसंपदेसाठी मध्यदेशात दहा लागत, तर सीमेकडील प्रदेशात भिक्खूंची संख्या कमी म्हणून पाच चालत. आजारी भिक्खूला येता आले नाही तर त्याची संमती दुसऱ्यामार्फत आणविली जाई. रजेवर असलेल्या सहकाऱ्याचे मत मागविणारे किती विभागप्रमुख आपण पाहिले आहेत?

मौन म्हणजे संमती हा नियम संघातही होता आणि आमच्या शाखेतही होता. फरक एवढाच की संघातले मौन प्रश्न विचारल्यानंतरचे होते, आणि आमचे प्रश्न न विचारताच धरले गेलेले. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म या एका फरकात आहे.

म्हणून संघात नेतृत्व नव्हते असे समजणे चुकीचे ठरेल. विनयाचे नियम तथागतांनी स्वतः घालून दिले; ते मतदानाने ठरले नाहीत. देवदत्ताने संघाचे नेतृत्व मागितले तेव्हा ते त्याला तर मिळाले नाहीच, परंतु सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याही हाती संघ सोपविण्यास तथागतांनी नकार दिला. महापरिनिब्बान सुत्तात आनंद अखेरच्या सूचनांची अपेक्षा करतो, तेव्हा संघ आपल्यावर अवलंबून आहे असे तथागत मानत नाहीत, असे उत्तर त्याला मिळते. आपल्यामागे धम्म आणि विनय हेच शास्ता, असे ते सांगतात. त्याच सुत्ताच्या आरंभी वज्जींची कथा आहे. अजातशत्रूचा मंत्री वर्षकार राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर येतो, तेव्हा तथागत आनंदाला विचारतात की वज्जी वारंवार सभा घेतात काय, एकोप्याने जमतात व एकोप्याने उठतात काय. जोवर ते असे वागतील तोवर त्यांचा उत्कर्षच होईल, असे ते सांगतात. पुढे वर्षकाराने वज्जींमध्ये आपसांत फूट पाडली आणि मग ते हरले, असे अट्ठकथेत आले आहे.

महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पाचशे भिक्खूंची पहिली संगीती भरली, तेथील एक प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. संघाची इच्छा असल्यास बारीकसारीक नियम रद्द करावेत, अशी मुभा तथागतांनी दिली होती. आनंदाने ते संघाला सांगितले. बारीकसारीक म्हणजे कोणते, असा प्रश्न आला. आनंदाने ते विचारून घेतलेच नव्हते! स्थविरांमध्ये मतभेद झाले. तेव्हा महाकश्यपांनी ज्ञप्ती मांडली की जे घालून दिलेले नाही ते नव्याने घालू नये आणि जे आहे ते रद्द करू नये. संघ मौन राहिला आणि ठराव झाला. नंतर न विचारल्याबद्दल स्थविरांनी आनंदाला दोष दिला. मला त्यात दोष दिसत नाही, तरी आपणावरील श्रद्धेने तो कबूल करतो, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. महाकश्यप येथे नेते आहेत यात शंका नाही. पण त्यांचे नेतृत्व कशात आहे? अडलेला प्रश्न सर्वांना कळेल अशा शब्दांत संघापुढे ठेवण्यात.

बहुमताविषयीही भाबडेपणा नको. वाद मिटत नसेल तर शलाका वाटून मत घेतले जाई. शलाका वाटणारा शलाकाग्राहक आवड, द्वेष, मोह आणि भय या चारांपासून मुक्त असावा, अशी अट होती. हे मतदान गुप्त, कानात सांगून किंवा उघड अशा तीन प्रकारे होई. परंतु चुल्लवग्गात असेही आहे की गुप्त मतदानात अधम्माच्या बाजूला जास्त शलाका गेल्या असे दिसले तर मतदान नीट झाले नाही म्हणून ते रद्द करावे. आजच्या वाचकाला हे खटकेल, आम्हालाही खटकते. तो अधिकार हाती घेण्याइतका निर्मळ माणूस आजच्या कार्यालयात कुठून आणावा? तरीही संख्या म्हणजेच सत्य नव्हे, एवढी गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे.

आमच्या बँकेच्या कामात एकट्याच्या हाती सर्व न देण्याची एक जुनी रीत आहे. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात. एकट्याला ती उघडत नाही. यात कोणाचा अपमान आहे असे कोणी मानत नाही. पैशाच्या बाबतीत जे आपण सहज मानतो ते माणसांच्या बाबतीत का मानीत नाही, हे कोडेच आहे. कायद्याने दारे उघडली होती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना १९४२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद सुरू झाली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालक व कामगार यांच्या संयुक्त समितीची तरतूद होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवलेली आहे. १९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने बँकांच्या संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी आणला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४३ क आले व उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे धोरण ठरले. पुढे अनेक बँकांतील कर्मचारी संचालकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली. समित्या कागदावर राहिल्या. दार उघडे असले तरी आत जाऊन बोलावे लागते.

सर्वच गोष्टी सभेने ठरवाव्यात असे आमचे म्हणणे नाही. शाखेत आग लागली, काउंटरवर रोख कमी भरली, रांगेत कोणी चक्कर येऊन पडले, तर त्या क्षणी एकानेच हुकूम द्यावा आणि इतरांनी ऐकावे. मात्र ज्या निर्णयाला चार दिवस थांबता येते, आणि ज्याचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर पडणार आहे, तो निर्णय त्या पाठीला विचारून घ्यावा. आपल्या संस्थांमध्येही विहाराची जागा, वर्गणी, विद्यार्थ्यांची मदत हे विषय 'साहेब ठरवतील' म्हणून सोडून देण्याची आपली सवय आहे. तिला आपण आदर म्हणतो. बऱ्याचदा तो आळस असतो, आणि कधी कधी भय.

पेन्शनचे ते काउंटर तीन महिन्यांनी पुन्हा खाली आले. त्या वेळच्या सभेत साहेबांनी प्रथमच शिपायाला विचारले, तुझे काय म्हणणे आहे? तो उठून उभा राहिला आणि सात-आठ मिनिटे बोलला. खालची गर्दी कमी करण्यासाठी पासबुक भरण्याचे टेबल वर न्यावे, कारण तेथे तरुण मंडळीच जास्त येतात, ही सूचना त्याचीच.