ओगराळं हातात आल्यावर

*अभ्यासपाठ : सामायिक भांड्यातलं वाढणं*



गेल्या महिन्यात इंदूरच्या एका घरातून आम्हाला प्रश्न आला. "आमचा मुलगा इंटरनेटवर लिहितो, त्याचे त्याला क्रिप्टो नाण्यांत पैसे मिळतात. आता त्यानं घरातल्या तिघांच्या नावानं खाती उघडलीत आणि एका खात्यातून दुसऱ्याला मतं देतो. नियमात बसतं म्हणतो. हे बरोबर आहे का?"

प्रश्न छोटा होता, पण उत्तर देताना आमचीच दमछाक झाली. आमच्यातल्या निम्म्यांना ही नाणी म्हणजे काय हेच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून आधी समजून घेतलं आणि मगच हा पाठ लिहायला बसलो. मोठ्या मंडळींनी घाबरू नये. ज्यांनी उत्सवाच्या पंगतीत एकदा तरी वाढलंय, त्यांना हे सगळं कळेल.

*हे मंच चालतात कसे?*

२०१६ साली अमेरिकेत नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी स्टीम नावाची क्रिप्टो साखळी आणि तिच्यावर चालणारं स्टीमिट हे संकेतस्थळ सुरू केलं. कल्पना चांगली होती. एरवी आपण फेसबुकवर लिहितो, फोटो टाकतो आणि जाहिरातीचा पैसा कंपनीकडे जातो. इथं लिहिणाऱ्याला मिळणार होता, आणि चांगलं लिखाण शोधून त्याला मत देणाऱ्यालाही थोडा मिळणार होता.

हा पैसा येतो कुठून? साखळीत दर तीन सेकंदांनी नवी नाणी तयार होतात. त्यांतला मोठा वाटा एका सामायिक भांड्यात पडतो. लेखावर सात दिवस मतं पडतात, आणि मग मतांच्या वजनाप्रमाणे त्या भांड्यातून लेखकाच्या पानात वाढलं जातं.

सगळ्यांचं मत सारखं नसतं. ज्यानं आपली जास्त नाणी साखळीत अडकवून ठेवली, त्याचं मत जड. एक पूर्ण मत दिलं की मताची ताकद दोन टक्के उतरते, आणि दिवसभरात वीस टक्के पुन्हा भरते. म्हणजे रोज साधारण दहा पूर्ण मतं देता येतात.

आता पंगत डोळ्यांसमोर आणा. भांडं सगळ्यांचं. प्रत्येक वाढप्याच्या हातात ओगराळं, कुणाचं मोठं, कुणाचं लहान. रोज दहा वेळा बुडवायची मुभा. कुणाच्या पानात वाढायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि स्वतःच्या पानात वाढून घ्यायलाही मनाई नाही. सगळी गोम इथंच आहे.

*मग काय झालं?*

जे पंगतीत होतं तेच झालं. काही जणांनी एका ओळीचा मजकूर टाकायचा आणि स्वतःलाच मत द्यायचं, असं रोज दहा वेळा सुरू केलं. काहींनी वेगवेगळ्या नावांची खाती काढली; लिहिणारा तोच, वाहवा करणाराही तोच. काहींनी टोळी केली : तू मला वाढ, मी तुला वाढतो, मधे बसलेल्याकडे बघायचं नाही. काहींनी दुसऱ्यांचे लेख आणि फोटो उचलून आपल्या नावावर खपवले.

२०१७-१८ च्या सुमारास तर मत विकणारे बॉट निघाले. बॉट म्हणजे आपोआप चालणारं यंत्र-खातं. दोन तास चोवीस मिनिटांची एक फेरी असायची. त्या वेळात ज्यांनी बॉटला नाणी पाठवली, त्यांच्यात त्याचं मत वाटलं जायचं. ज्याची नाणी जास्त, त्याला मताचा वाटा जास्त. लेख वाचायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या पानावर जे झळकायचं, त्यातलं बरंचसं विकत घेतलेल्या मतांवर तिथं पोचलेलं. मनापासून लिहिणारा नवा माणूस आठवडाभर वाट बघायचा आणि त्याच्या पानात चार शितं पडायची.

चांगली माणसंही होती, हेही सांगायला हवं. स्टीमक्लीनर्स नावाचा गट चोरीचे लेख आणि बनावट खाती शोधून काढायचा. चीता नावाचा एक बॉट मिळतंजुळतं लिखाण इंटरनेटवर दुसरीकडे सापडलं की लेखाखाली तसं लिहून जायचा. काही जण आपलं जड मत मुद्दाम नव्या लेखकांसाठी राखून ठेवायचे. भांडं रिकामं होत असताना पंगतीची लाज राखणारे असे थोडेच असतात.

*"माझी नाणी, माझं मत"*

ह्या वागण्याच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "नाणी मी विकत घेतली. अडकवून ठेवण्याचा धोका मी पत्करला. नियम स्वतःला मत देऊ देतो. मग चोरी कसली?" इंदूरच्या मुलाचंही हेच म्हणणं होतं. यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी तीन गोष्टी समजल्या.

पहिली गोष्ट. भांड्यात पडणारी नाणी आकाशातून येत नाहीत. ती नवी तयार होतात, म्हणून प्रत्येक जुन्या नाण्याचा एकूणातला हिस्सा थोडा कमी होतो. म्हणजे भांडं भरायला प्रत्येक नाणेधारकाच्या घरातून मूठभर शिधा जातो, त्यानं स्वतः एक ओळ लिहिली नसली तरी. शिधा सगळ्यांचा आणि जेवणारा मी एकटा, हे "माझं मत" होत नाही.

दुसरी गोष्ट. नाणी माझी आहेत, पण मताची ताकद मला कामासाठी दिलेली आहे. कोणतं लिखाण वाचण्यासारखं आहे ते निवडायचं, हे ते काम. ओगराळं मोठं मिळालं म्हणून भांडं आपलं होत नाही. आपल्याकडे उत्सवात जो वाढतो तो शेवटच्या पंगतीला बसतो. त्याला उपाशी राहा असं कोणी म्हणत नाही. पण लोक पानावर ताटकळत असताना तो आधी स्वतःचं पान भरत नाही.

तिसरी गोष्ट. सगळ्यांनीच स्वतःला मत द्यायचं ठरवलं, तर ज्याची जेवढी नाणी तेवढं त्याला मिळणार, म्हणजे नुसतं व्याज. मग लिहिण्या-वाचण्याचं सोंग कशाला?

मग मेहनतीनं लिहिलेल्या एखाद्या लेखाला स्वतः एक मत दिलं तर? यावर त्या मंचांवरही एकमत नाही, आणि आमच्यातही झालं नाही. आम्हाला एवढंच वाटतं : दहातलं एक स्वतःला आणि नऊ इतरांना देणारा वाढपी आहे. दहाच्या दहा स्वतःला देणारा वाढपी नव्हे.

*नियम बदलून सुटलं का?*

काही प्रमाणात. ऑगस्ट २०१९ मध्ये स्टीमचे नियम बदलले. आधी लेखकाला ७५ टक्के आणि मत देणाऱ्यांना २५ टक्के मिळायचे; ते ५०-५० केलं, म्हणजे मत विकण्यापेक्षा चांगला लेख शोधणं परवडावं. नापसंतीच्या मतासाठी थोडी वेगळी ताकद दिली. आधी नापसंतीचं मत द्यायचं तर स्वतःच्या पसंतीच्या मताची ताकद खर्ची पडायची, म्हणून कोणी देत नसे. नापसंतीच्या मतानं लेखाचं बक्षीस कमी होतं आणि ते परत भांड्यात जातं. मत विकणाऱ्या बॉटांचा धंदा त्यानंतर बसला.

पण प्रत्येक नियमाला दुसरी बाजू असते. फुटकळ मजकुरांवर किडूकमिडूक कमाई करता येऊ नये, म्हणून कमी मतं मिळालेल्या लेखांचं बक्षीस आणखी कमी केलं. त्यात लबाड सापडले, आणि नवशिके प्रामाणिक लेखकही भरडले गेले. नापसंतीचं मत काहींनी सूड उगवायला वापरलं. वाढून झालेलं परत भांड्यात घालायचा अधिकार रागाच्या भरात वापरला, तर तीही उधळपट्टीच.

*ठेव दुसऱ्याची, मत आपलं*

२०२० मध्ये याहून मोठा प्रसंग घडला. ट्रॉनचे संस्थापक जस्टिन सन यांनी फेब्रुवारीत स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासून नाण्यांचा प्रचंड साठा होता आणि तो मतदानाला वापरणार नाही असं आधीच्या मालकांनी लोकांना सांगितलेलं. नव्या मालकाकडून तो वापरला जाईल या भीतीनं साखळी चालवणाऱ्यांनी त्या साठ्याचं मतदान गोठवलं. हेही सगळ्यांना पटलं नाही. दुसऱ्याचा माल असा गोठवावा का, हा प्रश्न उरलाच. मार्चच्या सुरुवातीला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या क्रिप्टो बाजारांत ग्राहकांनी ठेवलेली नाणी मतदानाला वापरली गेली आणि साखळी चालवणारे बदलले गेले. ग्राहकांना कोणी विचारलं नव्हतं. गदारोळ झाल्यावर बायनान्स आणि हुओबी यांनी मतं मागं घेतली. पण विश्वास गेला तो गेलाच. २० मार्च २०२० रोजी बरेच लोक वेगळे झाले आणि त्यांनी हाइव्ह ही नवी साखळी सुरू केली.

शेजाऱ्यानं गावाला जाताना आपल्याकडे किल्ली दिली, तर ती घर सांभाळायला दिलेली असते. त्याच्या घरात आपली पंगत मांडायला नव्हे.

*इंदूरच्या घरी*

आता त्या मुलाकडे येऊ. घरच्यांच्या परवानगीनं, नाव न घेता सांगतो.

त्यानं आई, आजी आणि स्वतःच्या नावानं खाती काढली होती. आजीच्या जुन्या वहीतल्या कैरीचा गुळांबा, सांजोऱ्या, मेथकूट अशा पाककृती तो आजीच्या नावानं टाकायचा, आणि तिन्ही खात्यांतून एकमेकांना मतं द्यायचा. खाली "आजी, किती छान!" असं आईच्या खात्यातून स्वतःच लिहायचा. दोन महिन्यांत हजार-बाराशे रुपयांची नाणी झाली.

पण अशा साखळीवरचा प्रत्येक व्यवहार उघड असतो आणि पुसता येत नाही. चित्रगुप्ताची वही म्हणा, फक्त ही सगळ्यांना वाचता येते. तिन्ही खात्यांतली नाणी शेवटी एकाच खात्यात जातात, हे कोणीतरी पाहिलं आणि विचारलं, "आजी खरंच आहेत का?"

मुलगा आजीकडे गेला. म्हणाला, "आजी, एक छोटा व्हिडिओ करू. तू फक्त म्हण की हे मीच लिहिते."

आजी म्हणाल्या, "अरे, गुळांबा माझा आहे, ते खरं. पण ती वाहवा मी कधी केली? माझ्या तोंडून तू माझीच स्तुती केलीस, आणि त्याचे पैसे घेतलेस. कोणाचे रे ते पैसे?"

मुलाला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री त्यानं घरात सगळं सांगितलं, आणि तेव्हाच आम्हाला तो प्रश्न आला. आम्ही वर लिहिलंय तेवढंच कळवलं. काय करायचं ते त्यानंच ठरवलं. त्यानं खरं काय ते लिहून टाकलं आणि त्या लेखाचं बक्षीस नको, असा पर्याय निवडला. तशी सोय तिथं असते. मिळालेली नाणी त्यानं "नल" नावाच्या खात्यावर पाठवली. त्या खात्यावर गेलेलं नाणं कायमचं नाहीसं होतं, म्हणजे सगळ्यांच्या नाण्यांचा हिस्सा तेवढा वाढतो. ज्यांच्या घरचा शिधा, त्यांच्याकडे परत.

सगळ्यांनी कौतुक केलं असं नाही. काहींनी विश्वास ठेवला नाही, आणि आजही त्याच्या लेखांना मोजकी मतं पडतात. पण आता आजी शेजारी बसून सांगतात, तो लिहून घेतो, आणि खाली दोघांची नावं असतात.

*आपल्या घरी काय?*

"आमच्याकडे कोणी क्रिप्टो करत नाही" असं म्हणून हा पाठ पुढे ढकलू नका. ॲपच्या सवलतीसाठी घरातल्या चार सिमकार्डांवर चार "नवे ग्राहक" उभे करणं, भाच्याच्या दुकानाला न जाता पाच तारे देणं, शेजारच्या दुकानाला रागानं एक तारा देणं, लाइकच्या बदल्यात लाइक मागणं : भांडं वेगळं, ओगराळं तेच.

आणि ज्यांच्या घरी मुलं खरंच अशा मंचांवर लिहितात, त्यांनी दोन व्यवहाराच्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खात्याची गुप्त किल्ली, म्हणजे लांबलचक पासवर्ड, कोणालाही देऊ नये. गेली की परत मिळवणं फार अवघड. आणि एप्रिल २०२२ पासून आपल्या देशात अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. "थोडेच आहेत" म्हणून तो लपवू नये. तेही सामायिक भांडंच आहे.

*या आठवड्याचा अभ्यास*

रविवारी जेवणानंतर सगळ्यांनी मिळून बोलावं. लहानांना आधी बोलू द्यावं.

१. आपल्या हातात सध्या कोणकोणती ओगराळी आहेत? सोसायटीचा निधी, भिशीचा हिशेब, ऑफिसातली सही, मोबाईलवरचं मत.

२. गेल्या महिन्यात आपण न वाचता, न पाहता कुठं "छान" म्हटलं? का म्हटलं?

३. नियमात बसलं, पण सांगताना जीभ अडखळली, असं काही घडलं का?

आणि एक कृती : या आठवड्यात ज्याला कोणी विचारत नाही असं एक चांगलं लिखाण, गाणं किंवा दुकान शोधा. नीट वाचा, ऐका, जाऊन बघा. मग खरं वाटेल तेवढंच चांगलं लिहा, स्वतःच्या नावानं.

काय घडलं ते आपापल्या गटात कळवावं. चुकलं असेल तेही कळवावं. आमच्याही यादीत दोन गोष्टी निघाल्या आहेत.

जय गुरुदेव.