खांदे जपा : व्हीलचेअरवरच्या माणसाचे तेच पाय



आपल्या खडकीत जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. १९७४ पासून तेथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन होते. पण ही इजा फक्त लढाईतच होते असे नाही. परातीवरून पडलेला गवंडी, मोटारसायकलच्या अपघातात सापडलेला तरुण असे रुग्ण वस्त्यांतही असतात. त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

पाय गेले की सारा भार हातांवर येतो. खुर्ची ढकलायची, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर जायचे, ते खांद्यांच्याच जोरावर. खांद्याचा सांधा मात्र हात सगळीकडे फिरावा यासाठी बनलेला आहे, अंगाचे वजन पेलण्यासाठी नाही. रोजच्या ओझ्याने सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या दोऱ्या हाडांमध्ये चिमटल्या जातात, झिजतात, कधी फाटतात. म्हणून काही वर्षांनी अनेकांचे खांदे दुखू लागतात. खांदा निकामी झाला, तर माणूस दुसऱ्यांदा परावलंबी होतो.

त्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. चाक लहान लहान झटक्यांनी ढकलू नये. लांब, सावकाश रेटा द्यावा आणि हात चाकाच्या खालच्या बाजूने मागे आणावा.

२. चाकात हवा पुरेशी ठेवावी. हवा कमी असली की खांद्याला जास्त कष्ट पडतात.

३. पलंग आणि खुर्ची शक्यतो एकाच उंचीला ठेवावेत. मध्ये गुळगुळीत फळी टाकून सरकत जावे. दर वेळी एकाच हातावर भार देऊ नये.

४. जखमा होऊ नयेत म्हणून बूड मोकळे करावेच लागते. ते हातांवर अंग उचलून करण्याऐवजी पुढे किंवा बाजूला झुकून करावे.

५. रोजच्या वस्तू फडताळात उंच ठेवू नयेत. हात डोक्यावर नेण्याची वेळ कमी यावी.

६. छातीचे स्नायू ताणण्याचे आणि पाठीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

घरच्यांनी रुग्णाला दंड धरून ओढू नये, काखेत हात घालून उचलू नये. मेडिकलमधून गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ घालू नये. त्याने मूत्रपिंडांना अपाय होतो. हाताला नव्याने मुंग्या आल्या, पकड सैल झाली किंवा बधिरपणा वाढला, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. दुखणे खांद्याचे नसून मज्जारज्जूचे असू शकते.

आता वस्तीचे काम. एक फूट उंचीच्या पायरीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. त्याहून उभा उतार खांद्याला मारक ठरतो. आपल्या विहाराला असा उतार आहे का? वंदनेला येणाऱ्या बांधवाला चौघांनी खुर्चीसकट उचलणे ही सेवा खरी, पण त्याला स्वतःहून आत येता यावे हा त्याचा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही तो मान्य केला आहे.

अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत विहाराच्या उताराचा विषय आपण घेऊया.