संच नको, आधी वही दाखवा

गेल्या महिन्यात एक आई-बाबा समुपदेशनाला आले ते दोन पिशव्या घेऊनच. मुलगी आठ वर्षांची, दोन वर्षांपासून घरीच शिकते. टेबलावर एकेक वस्तू मांडली गेली. इंग्रजी स्पेलिंगचा अमेरिकेहून मागवलेला संच, चुंबकी अक्षरांसकट. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या चार सराव-वह्या. शिवाय आणखी तीन संचांच्या किमतींचा तक्ता. ‘‘यातलं नेमकं काय घेऊ? उगाच चुकीच्या पुस्तकात एक वर्ष वाया जायला नको,’’ आई म्हणाली.

मी विचारले, ‘‘तिची वही आणलीत?’’

वही तेवढी आणली नव्हती.

घरशाळा करणाऱ्या बहुतेक पालकांचे इथेच बिनसते. अभ्यासक्रम मुलासाठी निवडायचा असतो, पण निवड चालते ती पुस्तकांच्या परीक्षणांवर आणि ‘त्यांनी कोणता घेतला’ यावर. शाळेतल्या बाईंसमोर चाळीस मुले असतात, त्यांना सरासरी काढावीच लागते. तुमच्यासमोर एकच मूल आहे. मग सरासरीचे पुस्तक कशाला शोधायचे?

दुसऱ्या खेपेला वही आली. आईने घरी पाच ओळी सांगितल्या होत्या आणि मुलीने त्या लिहिल्या होत्या: ‘आजीच्या घरा समोर फुलांच झाड आहे. त्याच फूल पांढर असत. मी एक फुल घेतल. फूलाचा वास छान होता आणि मी झाडाला पाणि घातल.’

वडिलांनी लाल पेनाने दहा गोल केले होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. गोल दहा असले तरी चुका चारच होत्या. फुलांच, त्याच, पांढर, असत, घेतल, घातल हे सहा गोल एकाच चुकीचे. बोलण्यातले रूप लिहिताना शेवटच्या अक्षरावर अनुस्वार द्यायचा, हे तिला कुणी सांगितलेलेच नाही. तो अनुस्वार नाकातून उच्चारला जात नाही, मग तिला ऐकू कुठून येणार? दुसरी चूक ‘घरा समोर’. मूल इंग्रजी जास्त वाचते याची ही खूण. इंग्रजीत असे शब्द सुटे असतात, आपल्याकडे शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला चिकटते. तिसरी चूक फूल आणि फुलाची. एकदा ‘फूल’ बरोबर, एकदा ‘फुल’, ‘फुलांच’मधला उकार बरोबर, ‘फूलाचा’मधला चूक. म्हणजे अंदाजपंचे चालले आहे.

चौथी चूक मला सगळ्यात आवडली. ‘आणि’ बरोबर, ‘पाणि’ चूक. मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ येतो, ‘आणि’ हा त्याला अपवाद. मुलीने अपवाद नीट लक्षात ठेवला आणि त्यालाच नियम मानून ‘पाणि’ लिहिले. हिला तर्क शिकवायची गरज नाही, एक वाक्य सांगितले की पुरे. व्याकरणाचे अख्खे पुस्तक हिच्यासमोर ठेवणे म्हणजे मुंगीवर तोफ डागणे.

‘मराठी बोलतो तशी लिहितो, तिला कसलं स्पेलिंग?’ असे म्हणणारे पालकही भेटतात. त्यांनी ‘चार’ आणि ‘चाक’ एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. अक्षर एक, उच्चार दोन. शेवटचा ह्रस्व-दीर्घ तर पुण्यातल्या कुणाच्याच कानाला ऐकू येत नाही. पण इंग्रजीच्या मानाने आपले काम सोपे आहे, कारण आपल्याकडे नियमांची यादी संपते. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये ४ वाढले. एकूण १८. त्यातले प्राथमिक वयाच्या मुलाला लागणारे सहा-सात. इंग्रजीत अशी नियम ठरवणारी संस्थाच नाही. तिथले स्पेलिंग हा निरनिराळ्या भाषांतून आलेल्या शब्दांचा इतिहास आहे, म्हणून तिथे ध्वनी आणि अक्षरगट क्रमाने शिकवणारा संच खरोखर उपयोगी पडतो. मराठीसाठी संच विकत घेण्याची गरज मला आजवर दिसलेली नाही.

इंग्रजी संच घेताना मात्र दोन गोष्टी तपासा. अमेरिकी संचात ‘कलर’ शब्दात ‘यू’ नसतो, आपल्याकडच्या पुस्तकांत तो असतो. हे पहिल्याच आठवड्यात मुलाला सांगून टाका, जगात दोन्ही चालतात म्हणून. दुसरी गोष्ट स्वरांची. हे संच अमेरिकी उच्चारांवर बेतलेले असतात. ‘या दोन शब्दांतला स्वर सारखा ऐकू येतो का?’ या प्रश्नाचे कोथरूडच्या मुलाचे उत्तर उत्तरपत्रिकेशी जुळेलच असे नाही, आणि चूक मुलाची नसेल.

आता मराठी पुस्तकाकडे. चौकातल्या कोणत्याही दुकानात पुस्तक हातात घेतले की पहिले पान वाचू नका, सामान्यरूपाचे पान काढा. ‘फूल-फुलाला’, ‘मूल-मुलाला’, ‘गरीब-गरिबाला’ अशा जोड्या तिथे शेजारी-शेजारी आहेत का? की आधी व्याख्या आणि मग ‘रिकाम्या जागा भरा’? जोड्या असतील तर मूल नियम आपणहून ओढून काढते. त्याच जोड्यांखाली ‘गुण-गुणाला’ दिले असेल आणि हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द म्हणून त्याचा उकार ह्रस्वच राहतो, असे एका ओळीत सांगितले असेल, तर लेखकाने कधीतरी मुले शिकवली आहेत असे समजा. अशुद्ध शब्दांची लांबलचक यादी देऊन ‘शुद्ध करा’ म्हणणारी पुस्तके मी लहान मुलांना देत नाही. चुकीचे रूप डोळ्यांत बसते आणि तेच हातातून उतरते.

वाळंबे यांचे पुस्तक उत्तमच आहे, पण ते मोठ्या विद्यार्थ्यांसाठी आणि स्पर्धा परीक्षांसाठी. अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ आणि यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ ही पुस्तके घरात हवीतच, आईबाबांच्या हाताशी. अडले की मुलासमोर उघडून बघा. आईसुद्धा कोश बघते हे मुलाने पाहिले, की त्याची चुकायची भीती निम्मी होते. (‘शुद्धलेखन’ हा शब्द मी मुलांसमोर टाळतो. सोलापूरच्या आजीचे बोलणे अशुद्ध नसते. लिहिण्याचा एक ठरलेला प्रमाण रिवाज असतो, इतकेच.)

क्रम म्हणाल तर जुनाच बरा. सहा-सात वर्षांपर्यंत अनुलेखन, चांगल्या मजकुराच्या दोन-तीन ओळी बघून लिहिणे. मग श्रुतलेखन, पण काल वाचलेल्याच उताऱ्याचे. न पाहिलेल्या शब्दांचे घेतले तर ती परीक्षा होते, शिकणे नव्हे. रोज दहा मिनिटे, एका वेळी एकच नियम. नाम, सर्वनाम, विभक्ती ही नावे नवव्या-दहाव्या वर्षी आली तरी काही बिघडत नाही.

पुण्याला घरचे शिक्षण नवे नाही. १८७३ साली लग्न होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानड्यांनी घरीच अक्षरओळखीपासून शिकवले. बाई शिकते म्हणून घरातल्या बायकांची बोलणी रमाबाईंनी खाल्ली. आज आजी विचारते, ‘शाळेत का नाही घालत?’ घरातला विरोध कायम आहे, फक्त उलटा फिरला आहे.

आजीच्या प्रश्नामागची काळजी मात्र खोटी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरशाळेचा उल्लेख नाही, त्यामुळे पुढची वाट पालकांनीच आखायची असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क हे स्तर तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे आहेत, आणि तिथे दहावीला चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर बसता येते. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही पाचवीपासून परीक्षा घेते. मराठी सक्तीचा २०२० चा कायदा शाळांना लागू आहे, तुमच्या बैठकीच्या खोलीला नाही. घरी मराठी लिहिणे सुटले तर कुणी नोटीस पाठवणार नाही. कळेल ते चौदाव्या वर्षी, भाषा विषय निवडताना. पुढे राज्यसेवेकडे, अनुवादाकडे, वकिलीकडे किंवा पत्रकारितेकडे वळायचे ठरले, तर मराठी लेखन त्या वयात नव्याने घटवणे जड जाते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी विशीत ह्रस्व-दीर्घ पाठ करणारी हुशार मुले मी दर वर्षी पाहतो.

त्या आई-बाबांनी अमेरिकी संच ठेवला, सराव-वह्या शेजारच्या मुलाला दिल्या. वाळंबे कपाटात गेले. मुलगी बारा वर्षांची झाली की काढायचे ठरले आहे. मराठीसाठी त्यांनी काहीच विकत घेतले नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही वाचायला मिळतात. आज रात्री त्यातला एखादा परिच्छेद मुलाबरोबर वाचा, उद्या सकाळी त्यातल्याच पाच ओळी सांगा, आणि लाल पेन बाजूला ठेवून गोलांऐवजी कारणे मोजा. नंतरच दुकानात जा.