दुकानाचा संगणक आणि हार्ड डिस्कची वाटणी

आज आमच्या व्यापारी बंधूंच्या दुकानात संगणक वजनकाट्याइतकाच नेहमीचा झाला आहे. जीएसटीची बिले, उधारीची वही, कारागिरांची मजुरी, नक्षीचे नमुने, सर्व काही त्यातच असते. मात्र एके दिवशी ‘सी’ ड्राइव्ह भरल्याची लाल पट्टी दिसू लागते आणि धावपळ सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका जरीकामाच्या कारखानदारांवर अशीच वेळ आली होती. कुणा जाणकार म्हणवणाऱ्याने डिस्कची वाटणी बदलताना भलताच भाग पुसला आणि दोन वर्षांची उधारी त्यात गेली. गिऱ्हाइकांच्या सचोटीवर जेवढी वसूल झाली तेवढीच. म्हणून हा विषय आज आम्ही सविस्तर घेत आहोत.

वाटणी म्हणजे काय?

एका मोठ्या गोदामात मध्ये फळी ठोकून दोन खोल्या कराव्यात, तसेच हे आहे. डिस्क एकच, तिच्या भागांना पार्टिशन म्हणतात. ‘सी’मध्ये विंडोज व इतर प्रोग्राम असतात, ‘डी’मध्ये बहुधा आपली कागदपत्रे. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. यात दुकानदाराची फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. समजा, ‘सी’ला १०० आणि ‘डी’ला ३६५ जीबी दिले आहेत. ‘सी’ गच्च भरला, ‘डी’ निम्मा रिकामा. मग फळी सरकवावी, असे वाटणे साहजिक आहे.

आधी सफाई, मग सुतारकाम

पुष्कळदा फळी हलवण्याची गरजच नसते. रिसायकल बिन रिकामा करा. सेटिंग्जमधील स्टोरेजमध्ये जाऊन तात्पुरत्या फायली काढा, पण डाउनलोड्सच्या नावापुढे खूण असेल तर ती आधी काढा, नाहीतर गिऱ्हाइकाने पाठवलेले नमुनेही पुसले जातील. त्यानंतर डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर ‘डी’वर हलवा. फोल्डरवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन हा विभाग असतो, तेथून ते नीट हलते. एवढ्यानेच अनेकांचे काम भागते.

तरीही फळी हलवायची असेल तर

पहिली अट : सर्व माहितीची प्रत बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फायली उघडून ती खरोखर उतरली आहे याची खात्री करा. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी माप घेतो, तसे हे आहे. दुसरी अट : काम चालू असताना वीज जाता कामा नये. लॅपटॉपला चार्जर लावा, टेबलावरील संगणकाला यूपीएस हवा. तिसरी अट : डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

आता स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्कचे भाग एका ओळीत दिसतील. नवा लॅपटॉप घेतला आणि त्यात केवळ ‘सी’च असेल, तर काम सोपे आहे. ‘सी’वर उजवे क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम निवडा आणि किती जागा काढायची ते एमबीमध्ये लिहा. ५० जीबीसाठी ५१२०० लिहावे लागेल. मोकळ्या झालेल्या जागेवर न्यू सिंपल व्हॉल्यूम निवडून ‘डी’ तयार करा. जागा भरपूर असूनही विंडोज थोडीच देऊ करत असेल, तर हलवता न येणाऱ्या काही फायली वाटेत आहेत असे समजावे.

‘सी’ वाढवणे मात्र अवघड आहे, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. ते ‘डी’ आक्रसतात, जागा मोकळी होते, पण ती ‘डी’च्या शेवटी उरते. ‘सी’चे एक्स्टेंड व्हॉल्यूम चालण्यासाठी मोकळी जागा ‘सी’ला लागूनच उजवीकडे हवी. दोन गाळे एक करायचे, तर मधली भिंत सामाईक पाहिजे. मध्ये तिसऱ्याचा गाळा असून चालत नाही. म्हणून ‘डी’वरील सर्व माल बाहेर नेऊन ‘डी’ पुसावा, ‘सी’ वाढवावा, उरलेल्या जागेत पुन्हा ‘डी’ करावा आणि माल परत आणावा. नव्या भागाला ‘डी’ हेच अक्षर द्या, नाहीतर हिशेबाच्या प्रोग्रामला आपली वही सापडणार नाही. प्रोग्रामच ‘डी’वर बसवलेले असतील, तर ते पुन्हा बसवण्याची तयारी ठेवा.

‘सी’ आणि ‘डी’च्या मध्ये रिकव्हरीचा छोटा भाग असेल, तर तो पुसू नका. अशा वेळी जीपार्टेड हा मोफत प्रोग्राम भाग सरकवू शकतो, पण ते काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे. पुसण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक, भागाचे नाव आणि आकार तिन्ही पडताळा. प्रत घेतलेली बाहेरची डिस्क त्या वेळी काढून ठेवा, म्हणजे चुकून तीच पुसली जाणार नाही. डायनॅमिक डिस्क करण्याविषयी विचारणा झाली, तर नकार द्या.

सर्वांत मोठा गैरसमज

“आमचा हिशेब ‘डी’वर आहे, म्हणजे सुरक्षित आहे,” असे अनेक बंधू सांगतात. हे अर्धसत्य आहे. विंडोज बिघडले तर ‘डी’ वाचू शकतो. डिस्कच बंद पडली तर दोन्ही खोल्या एकदम जातात. गोदामाला आग लागली तर फळी कुणाला वाचवते? जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. डिस्क गेली हे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही.

तेव्हा आठवड्यातून एक दिवस ठरवा. दुकान बंद करण्यापूर्वी हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी न्या. गल्ल्यातील रोकड आपण रात्री दुकानात ठेवत नाही; मग उधारीची वही तरी का ठेवावी?